अधुऱ्या वयाचे भूत : मुंजा, ‘मुंज्या’ आणि रिद्धपूर

मराठी लोकसमजुतीतील भुतांची यादी भयापेक्षा समाजरचनेविषयी अधिक बोलते. मुंज झाल्यावर आणि लग्नापूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. अविवाहित मेलेला क्षत्रिय वीर होतो. विवाहानंतर मेलेला शूद्र देवचार होतो. महार-मांगांच्या मृतात्म्याला खवीस म्हणतात, आणि काही नोंदींत हेच नाव मुसलमान मृताकडेही जाते. वारसावाचून, मालमत्तेत जीव अडकून गेलेला समंध होतो. स्त्रियांच्या बाबतीत वर्गवारीचे तत्त्वच बदलते. सवाष्ण मेलेली जखीण, विधवा मेलेली लावसट, गरोदरपणी वा बाळंतपणात मेलेली हडळ. पुरुषाचे भूत त्याची जात आणि त्याचा अपुरा राहिलेला संस्कार यांवरून ओळखले जाते. स्त्रीचे भूत तिच्या नवऱ्याच्या असण्यानसण्यावरून आणि तिच्या गर्भाशयावरून. मृत्यू सर्वांना समान करतो हे संतवचन या यादीने मान्य केलेले दिसत नाही.

अशा यादीतील एक नाव घेऊन 2024 साली एक हिंदी चित्रपट निघाला आणि त्याने शंभर कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय केला, ही घटना केवळ चित्रपटव्यवसायाच्या इतिहासात जमा करून चालणार नाही. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ 7 जून 2024 रोजी प्रदर्शित झाला. किशोरवयीन भूत, तरुण नायक-नायिका, शहरी तरुण प्रेक्षक असा त्याचा बांधा आहे. पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत किशोरवयीनांच्या भयपटाचा जो प्रकार 1970 नंतर रूढ झाला, त्याचे बऱ्याच अंशी पहिले ठसठशीत देशी रूप म्हणून त्याकडे बोट दाखवता येते. प्रश्न असा की ‘किशोरवय’ ही कल्पना ज्या समाजात फार उशिरा आली, त्या समाजाच्या भूतसृष्टीतून किशोरवयीन भयपट उभा करताना नेमके कोणाचे वय पडद्यावर येते आणि कोणाचे येत नाही.

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी यादीचा उगम पाहणे आवश्यक आहे. वर दिलेली वर्गवारी आज ‘मराठी’ म्हणून सर्वत्र उद्धृत होते. ती छापील स्वरूपात आली ती मुख्यतः मुंबई इलाख्यातून. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने प्रश्नावल्या पाठवून शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन याने ती संकलित करून 1914 मध्ये गुजरातचा आणि 1915 मध्ये कोकणचा खंड प्रसिद्ध केला. पुढे 1924 मध्ये त्याचा मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील ग्रंथ आला. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याच्यावर 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. त्या रात्री तेथे ‘शारदा’चा प्रयोग होता, म्हणजे कोवळ्या मुलीला वृद्धाच्या गळ्यात बांधण्याच्या प्रथेवरचे देवलांचे नाटक. मुंजाची नोंद करवून घेणारा अधिकारी, बालाजरठविवाहाचे नाटक आणि पुढे फासावर गेलेला एक कोवळा तरुण हे एकाच रंगमंदिरात एकत्र यावेत, हा योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण अपुऱ्या वयाच्या प्रश्नाने त्या काळाला किती बाजूंनी घेरले होते, याची कल्पना त्यावरून येते.

या संकलनात वऱ्हाड नव्हते. 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला, 1902 मध्ये कायम भाडेपट्ट्याने घेतलेला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलेला हा प्रदेश मुंबई इलाख्याच्या दप्तराबाहेर होता. जो प्रदेश ज्या दप्तरात नाही त्याची भुतेही त्या दप्तरात नाहीत. मोर्शी तालुक्यातल्या पिंपळावर मुंजा नव्हता असा याचा अर्थ नव्हे. मुंजोबाचे ओटे घाटावर जसे आहेत तसे विदर्भातही आहेत. मात्र ‘मराठी भूत’ या कल्पनेचा प्रमाण नमुना कोकणी ब्राह्मणी वस्तीतून घडला, आणि पुढील शंभर वर्षांत कथा, कादंबरी, दूरचित्रवाणी व चित्रपट यांनी तो तसाच पुढे चालवला. नारायण धारपांच्या भयकथांतील वाडे, 2016 पासून गाजलेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीच्या नावाची आठवण करून देणारा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018), आणि आता ‘मुंज्या’. भीतीचा पत्ता बहुधा कोकणचाच. वऱ्हाडच्या काळ्या कसदार जमिनीला, कपाशीला आणि मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागांना या पत्त्यावर जागा मिळालेली नाही. त्यांच्या वाट्याला वास्तववादी चित्रपट आला.

आता मुंजाविषयी. स्मृतिग्रंथांनुसार ब्राह्मण मुलाचे उपनयन गर्भापासून आठव्या वर्षी व्हावे. त्यानंतरचा काळ ब्रह्मचर्याश्रमाचा. तो समावर्तनाने संपतो आणि मग विवाह होतो. प्रत्यक्ष व्यवहारात गुरुगृही वास नाहीसा झाला, समावर्तनाची ‘सोडमुंज’ झाली आणि ती लग्नाच्या आदल्या विधींत येऊन बसली. मुंज आणि सोडमुंज यांच्या मधला काळ असा रिकामा झाला. त्या काळात मुलगा बालक नसतो, कारण त्याचा दुसरा जन्म झालेला असतो. तो गृहस्थही नसतो. मानवशास्त्रात ज्याला सीमावस्था म्हणतात ती हीच. बहुतेक समाजांत ही अवस्था काही दिवसांत वा महिन्यांत आटोपते; येथे ती काही वर्षे टिकते. त्या वर्षांत मृत्यू आला तर त्या मृताला कोठे ठेवायचे याचे उत्तर विधीकडे नव्हते. मुंजा हे ते उत्तर. काही जातींत अविवाहित मृताचे रुईच्या झाडाशी लग्न लावण्याची चाल होती, ती याच अडचणीतून निघालेली आहे.

पिंपळाचा संबंधही येथे लागतो. महाराष्ट्रात पिंपळाची मुंज लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. मुंज झालेले झाड आणि मुंज होऊन थांबलेला मुलगा यांनी एकमेकांच्या आश्रयाला यावे, हे लोकमनाच्या तर्काला धरूनच आहे. ‘पिंपळावरचा मुंजा’ हा वाक्प्रचार आजही सड्याफटिंग माणसाला उद्देशून हसत हसत वापरला जातो. त्या हसण्यात भीतीचा लवलेश नाही. आहे ती लग्नावाचून राहिलेल्या पुरुषाविषयीची किंचित कीव.

सांगायचे ते हे की मराठी भूतसृष्टीत ‘वय’ जवळजवळ एकट्या मुंजालाच आहे. वीर अविवाहित असतो खरा, पण त्याचे नाव त्याच्या पराक्रमाकडे निर्देश करते, वयाकडे नव्हे. खवीस किती वर्षांचा होता हे कोणी विचारत नाही. त्याची जात कळली की पुरे. मुलींचे तर प्रश्नच मिटवलेले होते. स्त्रियांचा विवाह हेच त्यांचे उपनयन असे मनुस्मृती सांगते, आणि ज्या समाजात आठ-दहा वर्षांची मुलगी सासरी जाते तेथे तिला मधला काळ नसतोच. ती मुलगी असते आणि मग बाळंतीण. मेली तर हडळ. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही 1890 पासून ‘करमणूक’मधून प्रसिद्ध होऊ लागलेली कादंबरी या दृष्टीने वाचली तर ती एका हिरावलेल्या किशोरवयाची कादंबरी ठरते. यमूच्या आयुष्यात बाहुलीनंतर लगेच सासूच येते. 1891 चा संमतिवयाचा कायदा, 1929 चा शारदा कायदा आणि 1978 मध्ये मुलींसाठी 18 व मुलांसाठी 21 वर्षांची झालेली मर्यादा ही विवाहविषयक सुधारणांची मालिका म्हणून शिकवली जाते. तिच्याकडे किशोरवय कायद्याने निर्माण करण्याची प्रक्रिया म्हणूनही पाहता येते. शाळा, महाविद्यालय आणि वसतिगृह यांनी तो रिकामा काळ भरला. पण सर्वांसाठी एकाच वेळी नव्हे. ज्याच्या घरात बारा वर्षांचे पोर मजुरीला जाते त्याला किशोरवय अजूनही पुरते मिळालेले नाही.

या पार्श्वभूमीवर ‘मुंज्या’ची रचना पाहावी. कथा 1952 च्या कोकणात सुरू होते. गोट्या हा मुलगा त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या असलेल्या मुन्नीच्या ध्यासाने वेडा झालेला आहे. घरचे त्याची मुंज उरकतात. मुंजीनंतर लगेचच तो धाकट्या बहिणीला, गीताला, घेऊन चेटूकवाडीच्या रानात जातो. मुन्नी मिळावी म्हणून तिचा बळी द्यायचा त्याचा बेत असतो. त्या प्रयत्नात तोच मरतो आणि झाडाशी जखडलेला मुंज्या होतो. पुढची कथा वर्तमानातल्या पुण्यातली. गीता आता आजी आहे. तिचा नातू बिट्टू आईच्या पार्लरमध्ये काम करणारा, संकोची, स्वतःचे मन बोलून न दाखवणारा तरुण. रक्ताच्या नात्याने मुंज्या त्याच्या मानगुटीवर बसतो आणि मुन्नीची मागणी करतो. ती मागणी वळते मुन्नीची नात बेला हिच्याकडे, जिच्यावर बिट्टूचेही अबोल प्रेम आहे.

परंपरेतील मुंजा आणि हा मुंज्या यांत एक मूलभूत फरक आहे. परंपरेत मुंजाची तक्रार विधीविषयी आहे. त्याला कोणतीही एक स्त्री हवी असते असे नाही, त्याला राहून गेलेला संस्कार हवा असतो. चित्रपटात मुंज हा केवळ निमित्तमात्र विधी उरतो आणि त्याच्या जागी इच्छा येते; तीही एका विशिष्ट व्यक्तीविषयीची, नकार न समजणारी इच्छा. ‘लग्न’ हा शब्द मुंज्याच्या तोंडी हट्टाच्या पोरासारखा सतत येतो. येथे चित्रपटाने साधलेले बळ मान्य केले पाहिजे. हिंदी चित्रपटाने नायिकेचा पिच्छा पुरवणाऱ्या नायकाला कित्येक दशके प्रेमवीर म्हणून मिरवले. त्याच वर्तनाला या चित्रपटाने सुळे आणि केसाळ हात दिले. जे वर्तन गाण्यात गोड वाटत होते, ते एका बुटक्या पिशाच्चाच्या देहात पाहिल्यावर किळसवाणे वाटते. बिट्टूचा संकोच त्याच्या समोर ठेवल्यामुळे पुरुषत्वाचे दोन नमुने शेजारी शेजारी येतात, आणि ज्याला बोलता येत नाही तोच सभ्य ठरतो. तरुण प्रेक्षकांसाठी ही शिकवण लहान नाही.

तरीही ज्या व्यवस्थेने हा हट्ट घडवला तिला चित्रपट हात लावत नाही. गोट्याचे मुंडन, जानवे, ब्राह्मणी घर हे सारे दृश्य तपशील जागच्या जागी आहेत. त्यामुळे जात उच्चारावीच लागत नाही. ती वेशभूषेत आणि नेपथ्यात मुरलेली आहे, म्हणून ‘सार्वत्रिक’ वाटते. मुलाची इच्छा अनावर झाली तर ती शमवण्यासाठी बहिणीचा जीव हे चलन म्हणून वापरता येते, हा कथेतील सर्वांत भयंकर क्षण आहे. दोन पिढ्या ते गुपित उरात ठेवणारी आजी सुहास जोशींच्या अभिनयामुळे लक्षात राहते. पण त्या क्षणाचा अर्थ कथा पुढे नेत नाही. मुन्नीची बाजू तर जवळजवळ नाहीच. जिच्यामुळे सारे घडल्याचे सांगितले जाते ती आपल्याच कथेत उल्लेखापुरती उरते. यमूच्या काळापासून बायकांच्या वाट्याला आलेले हे स्थान आहे.

मांत्रिकाचे पात्र आणखी बोलके आहे. सत्यराज यांनी रंगवलेल्या या पात्राचे नाव एल्विस करीम प्रभाकर. तीन धर्मांची नावे एका माणसाला चिकटवून चित्रपटाने एक हसरा सर्वधर्मसमभाव साधला आहे. पण गावगाड्यात भूत उतरवणारा भगत वा देवऋषी बहुधा खालच्या मानलेल्या जातीचा असे. ब्राह्मणाच्या घरचे भूत उतरवायला त्याला बोलवावे लागे, आणि त्या एका रात्रीपुरती उतरंड उलटी होई. हा उलटा क्षण लोकपरंपरेतील भूतविधीचे खरे सामाजिक नाट्य होते. नावांच्या गमतीत ते वाहून गेले. याच दिग्दर्शकाच्या ‘झोंबिवली’त (2022) वर्गभेद उघडपणे आला होता. पाण्याचा कारखाना, टोलेजंग वसाहत आणि तिच्या शेजारची झोपडपट्टी यांच्या ताणावरच त्या मराठी चित्रपटाची भीती उभी आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (2017) उसाच्या फडात लपलेली भीती स्त्रीभ्रूणहत्येची आहे. मराठीत भयपटाने समाजाशी भांडण केल्याचे दाखले आहेत. हिंदीच्या मोठ्या बाजारात जाताना ‘मुंज्या’ने त्यातला एकच धागा, नकाराचा, बरोबर नेला.

मुंजाची कथा याहून वेगळी सांगता येते का, याचे उत्तर कोकणाबाहेर, वऱ्हाडात सापडते. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ आहे. तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभू, अर्थात गुंडम राऊळ, राहत होते. चक्रधरांचे गुरू आणि पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक असे त्यांचे स्थान आहे. म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्राचे संपादन वि. भि. कोलते यांनी केले, आणि अॅन फेल्डहाउस यांचे इंग्रजी भाषांतर 1984 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ते देशाबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत गेले. पंथाच्या दृष्टीने ही ईश्वरलीला आहे, आणि तिचे ते स्वरूप बाधित न करता तिच्या सामाजिक रचनेविषयी काही म्हणता येते. ब्राह्मण कुळात जन्म, लहानपणी आईबापांचा वियोग, नातलगांकडे वाढणे, मुंज आणि अध्ययन, विवाह नाही. गृहस्थाश्रमात प्रवेश नाही आणि रूढ अर्थाने संन्यासही नाही. म्हणजे जी सीमावस्था मुंजाला मरणोत्तर भोगावी लागते, तीत हा पुरुष जन्मभर जिवंतपणी राहिला.

अवधूताचे वर्णन बाल, उन्मत्त आणि पिशाच या तीन उपमानांनी करण्याचा भारतीय संकेत जुना आहे. गोविंदप्रभूंच्या लीळा वाचताना ही तीनही उपमाने आठवतात. ते कोणाच्याही घरात शिरतात, चुलीपाशी जाऊन खातात, पोरांत खेळतात, देवळातल्या मूर्तींशी खेळल्यासारखे वागतात, स्वतःशीच बोलतात. महार-मांगांच्या वस्तीत जायला त्यांना काही वाटत नाही. विटाळाची रेषा त्यांना दिसतच नाही, किंवा दिसूनही ती खेळातल्या आखणीहून अधिक वाटत नाही. गाव त्यांना वेडा म्हणते, आणि माय व बाप अशा दोन्ही नात्यांनी हाकही मारते. अडल्यानडल्याला, दुखल्याखुपल्याला लोक त्यांच्याकडेच धावतात. भूतसृष्टीची यादी ज्या भिंती मृत्यूनंतरही उभ्या ठेवते, त्या येथे एका न संपणाऱ्या बाळपणाच्या पावलांखाली पुसल्या जातात.

ही तुलना रचनेपुरती आहे. भुताला देवत्व देण्याचा वा देवाला भूत ठरवण्याचा त्यात हेतू नाही. पण रचनेचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. मुंज आणि लग्न यांच्या मधली जागा एका परंपरेने अतृप्तीची मानली, तर दुसरीने मोकळिकीची. मुंज्याला व्यवस्थेच्या आत यायचे आहे. त्याचा सारा थयथयाट लग्नासाठी, म्हणजे प्रवेशासाठी आहे. तो घाबरवतो, पण बंडखोर नाही. विवाहसंस्थेचा त्याच्याइतका कट्टर पुरस्कर्ता अख्ख्या चित्रपटात दुसरा नाही. रिद्धपूरच्या राऊळाला आत यायचे नाही, म्हणूनच त्याला कोणाच्याही दारातून आत जाता येते.

वऱ्हाडाच्या अर्वाचीन परंपरेत हा सूर पूर्ण तुटलेला नाही. शेंडगावला 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा घर सोडून, चिंध्या पांघरून, वेड्यासारखे दिसत गावोगाव हिंडले आणि नवस, बळी, अंगात येणे यांवर त्यांनी कीर्तनातून भर सभेत प्रश्न विचारले. त्यांचा देह 1956 मध्ये अमरावतीजवळ पडला. त्याआधीच्या वर्षी आलेल्या तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’नेही भुताखेतांच्या समजुतींना गावाच्या आरोग्याचा आणि शिक्षणाचा प्रश्न मानले. महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा 2013 मध्ये झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर. त्या कायद्यामागे पश्चिम महाराष्ट्राइतकीच विदर्भातील चळवळही होती. चेटूकवाडीत गोट्या जे करायला जातो ते आज या कायद्याखाली गुन्हा आहे. चित्रपटातील प्रसंग 1952 चा असल्यामुळे तो दूरचा वाटतो. बिट्टूच्या पुण्यात मात्र कायदा आणि चळवळ यांचा मागमूस दिसत नाही. तेथे भूत खरे आहे, आणि त्यावर उपायही मांत्रिकच.

भयपटाने विवेकवाद शिकवावा अशी मागणी करणे रसिकतेचे लक्षण नव्हे. प्रतिनिधानाचा प्रश्न वेगळा आहे. किशोरवयीन भयपट हा प्रकार मराठी भूमीवर रुजायचा असेल तर त्याने निवडलेला पहिला किशोर हा परंपरेने आधीच वय बहाल केलेला एकमेव किशोर असावा, हे अपेक्षितच होते. आता यादीतील इतर नावे उरतात. खवीस कधी पंधरा वर्षांचा होता का, तो शाळेत गेला होता का, त्याला कोणी मारले; हडळ होण्यापूर्वी ती मुलगी कोणत्या इयत्तेत होती. एन्थोव्हेनच्या पानांत याची उत्तरे नाहीत, कारण प्रश्नावलीत ते प्रश्नच नव्हते. ज्या तालुक्यांपर्यंत ती प्रश्नावली पोहोचलीच नाही, त्यांत मोर्शी होते.